फितीवरचा हात

कुपवाडला चौगुलेसाहेबांच्या कारखान्यात ते यंत्र आलं, तेव्हा त्याच्यापुढं नारळ फोडायलासुद्धा कुणी चटकन पुढं होईना. एवढं मोठं धूड, त्याच्या कडेला कपाटाएवढी पेटी आणि पेटीत रिळावर गुंडाळलेली बोटभर रुंद तपकिरी फीत. परदेशात कुठला तरी कारखाना बुडाला, त्याचं सामान लिलावात निघालं, त्यातलं हे. साहेबांनी ते बोटीनं मुंबईला आणि ट्रकनं कुपवाडला आणलं. पाहुणे आले की साहेब ऐटीत सांगत, "हा आमचा कॉम्प्युटरवाला लेथ." आत कॉम्प्युटर कितपत होता ते साहेबांनाही ठाऊक नसावं. पण दुष्काळ नुकताच सरला होता आणि नवं काही आलं की माणसांना बरं वाटे.

लेथ म्हणजे लोखंड फिरतं ठेवून हत्यारानं तासायचं यंत्र, पण ह्या लेथाची तऱ्हा वेगळी होती. त्याला शिकवावं लागे. चांगल्या कारागिरानं पहिला नग स्वतःच्या हातानं करायचा. दोन हातांत दोन चाकं, एका चाकानं हत्यार लोखंडाकडं जाई आणि दुसऱ्यानं लांबीवर सरके. कारागिराचा हात जसा फिरेल तसा तो फितीवर उतरे. चाकाला नुसतं बोट लागलं तरी फीत ते टिपून घेई. मग फीत मागं गुंडाळायची, नवं लोखंड लावायचं, हिरवं बटण दाबायचं आणि बाजूला सरून उभं राहायचं. चाकं आपली आपण फिरू लागत. ती मोटरीसारखी सलग फिरती तर कुणाला काही वाटलं नसतं. पण ती थबकत, जरा मागं येत, पुन्हा पुढं जात. समोर माणूस नाही आणि चाकावर हात मात्र आहे, असं बघणाऱ्याला वाटे आणि अंगावर काटा येई.

तो हात इमाम उस्तादांचा होता. उस्ताद मिरजेचे, शिकलगारांच्या घरातले. आजा-पणजा तलवारींना धार लावायचे, उस्ताद लोखंडाला आकार द्यायचे. त्यांची एक सवय होती. पहिला कट घेण्याआधी ते हत्यार लोखंडाजवळ आणत, केसभर अंतरावर थांबवत, किंचित मागं घेत आणि मगच टेकवत. कुणी विचारलं तर म्हणत, "लोखंडाला सलाम केल्याबिगर त्येला कापू नये." ही सवयसुद्धा फितीवर उतरली. बटण दाबलं की प्रत्येक नगाला यंत्र आधी सलाम करी. कारखान्यातली टवाळ पोरंही मग यंत्राला उलटा सलाम ठोकत आणि हसत.

त्या यंत्रावर उभा राहायचा तो धुळा. आटपाडीजवळच्या एका वस्तीवरचा धनगराचा पोर. दुष्काळात बापाची मेंढरं गेली, तेव्हा बायको मनुबाईला घेऊन तो कुपवाडला आला आणि उस्तादांच्या हाताखाली तयार झाला. पण होता हंगामी. हंगामी माणसाला रजा नाही. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी फाटकावर दुसरा उभा.

आणि धुळ्याला रजा हवी होती ती एकाच दिवसाची. वस्तीवर बिरोबाची जत्रा भरते. त्या दिवशी भर दुपारी देवाची पालखी उठते आणि ती उठवायचा मान धुळ्याच्या घराचा. त्याच्या घरचा ढोल आधी वाजायचा. दोन सावकाश थापा, तीन उतावळ्या, मध्ये एक श्वास आणि मग एक भारी थाप. ह्याला म्हणायचं उठवणी. उठवणी वर्षातून एकदाच वाजते, ती वाजल्याशिवाय पालखीला कुणी खांदा देत नाही आणि ती दुसऱ्या घराला येत नाही. धुळ्याचा बाप हरिबा आता थकला होता. गेल्या जत्रेत त्यानं सांगून टाकलं होतं, "म्होरल्या सालापासनं ढोल तुझ्या गळ्यात. माझ्या बापानं मला दिला तसा म्या तुला देतो." धुळ्याला त्या बोलण्याचा एवढा आनंद झाला होता की तेव्हापासून त्याची बोटं जिथं तिथं उठवणी वाजवत. डब्याच्या झाकणावर, यष्टीच्या सीटवर, मनुबाईच्या पाठीवरसुद्धा. ती म्हणे, "मी काय ढोल हाय व्हय?"

अडचण एवढीच की जत्रा रविवारी आणि कुपवाडला रविवार कामाचा. विजेच्या टंचाईमुळं प्रत्येक वसाहतीला सुट्टीचा वार वाटून दिलेला होता, कुपवाडच्या वाट्याला गुरुवार आला होता.

दरम्यान उस्तादांचं बिनसत चाललं होतं. पहिल्यांदा आटे पाडायचं काम त्यांनी फितीवर दिलं. महिनाभरानं साहेबांनी एक जुना बोल्ट आणला आणि साध्या लेथवर तसा एकच करून द्या म्हणाले. उस्ताद लेथपुढं उभे राहिले, हात चाकावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. ज्या माणसानं डोळे झाकून आटे पाडले असते, त्याला हात कुठल्या बाजूनं न्यायचा ते सुचेना. सगळे म्हणाले, वय झालं. मग उस्तादांनी उतरतं टोक काढायचं काम फितीवर दिलं आणि तेही हातातून गेलं. असं एकेक करत सगळी विद्या रिळावर गेली आणि शेवटी चहाची कपबशी उचलताना ती बाजूला लवंडू लागली. एक दिवस उस्ताद घरी राहिले ते पुन्हा आलेच नाहीत. यंत्र मात्र रोज सलाम करत होतं आणि नग पाडत होतं. पोरं म्हणत, "उस्ताद कामावर हायत, नुसतं दिसत न्हाईत." धुळ्याला ते हसणं आवडेनासं झालं होतं.

जत्रा तोंडावर आली तेव्हा साहेबांनी धुळ्याला केबिनमध्ये बोलावलं. पंपाच्या शाफ्टचं मोठं काम मिळालं होतं.

"उस्तादांच्या हाताखालचा तू एकटाच," साहेब म्हणाले. "पहिला शाफ्ट तू कर, फीत तू भर. तुला कायम करतो. मग जत्रेला हक्कानं रजा घे, कोण अडवतोय बघू."

धुळा विचार करतो म्हणाला. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं, होती ती भीती. पुढच्या गुरुवारी तो सायकल मारत मिरजेला गेला.

उस्ताद अंगणात बाजेवर बसले होते. हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवावेत तसे. त्यांची बायको सुगराबी त्यांना घास भरवत होती. धुळ्याला बघून ती म्हणाली, "बरं झालं आज आलास. बेस्तरवारी हात निवांत असत्यात त्येंचं. बाकीचं दिस बघवत न्हाई."

"काय हुतं, चाची?"

"फिरत्यात. सकाळी सुरू हुत्यात ते सांजपतूर. असं, चाक फिरवल्यागत. धरून ठेवलं तरी ऱ्हात न्हाईत. दुपारी जेवायच्या वक्ताला तेवढं थांबत्यात. आन् बेस्तरवारी."

धुळ्यानं मनाशी जुळवून पाहिलं. बेस्तरवार म्हणजे गुरुवार, कुपवाडची सुट्टी. जेवायची वेळ म्हणजे कारखान्याची जेवणाची सुट्टी. हे त्यानं सुगराबीला सांगितलं नाही. सांगून तरी काय, ती बाई कुपवाडला येऊन यंत्राचं काय करणार होती?

त्यानं साहेबांचा निरोप उस्तादांना सांगितला. उस्तादांनी मांडीवरच्या हातांकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "धुळ्या, देणार तर दे. पोटाला लागतं. पर नुसतं काम दे, सवय देऊ नगंस. म्या सलाम दिला त्येला. काम मागून मिळतं बेटा, सवय आपली असती. ती गेली की मागं काय ऱ्हात न्हाई."

धुळ्याला त्यातून वाट दिसली. नुसतं काम द्यायचं. एकच शाफ्ट, हात सरळ न्यायचा, सरळ आणायचा, आपलं असं काही मध्ये येऊ द्यायचं नाही. परत येताना त्याचा जीव हलका झाला होता. माणसाला हवं ते करायचं असलं की वाट सापडतेच.

बुधवारी सकाळी साहेब यंत्रापाशी आले आणि म्हणाले, "नवी फीत नाही. बाहेरून मागवायची तर परवाने आणि वर्षभराचा वेळ. उस्तादांचं काम संपलंय, तेच रीळ घे. त्याच्यावरच भर, जुनं आपोआप पुसतं."

"साहेब, ती उस्तादांची हाय."

"मग काय झालं? उस्ताद येणारेत थोडेच आता."

धुळा क्षणभर घुटमळला. पण मग त्याच्या मनात आलं, पुसली तर बरंच. पुसली म्हणजे सुटतील उस्ताद. हात मोकळे होतील, चहा पितील आपल्या हातानं. असं त्याला खरोखरच वाटलं आणि त्यानं मोठ्या मायेनं ते रीळ पेटीत चढवलं.

काम सुरू झालं. दुपारपर्यंत धुळा नुसता यंत्राचा माणूस होता. हात सरळ नेत होता, सरळ आणत होता. शाफ्ट लांब होता, एका टोकाला जरासा वाकडा. फिरताना तो ठराविक अंतरानं ठक वाजायचा. ठक, ठक. फेरा लांबला तसा त्या ठकठकीला ताल आला. धुळ्याचं लक्ष हत्याराच्या टोकावर होतं, निळसर किसाची वेटोळी निघत होती, आणि काम फार नेटकं चाललं होतं. तो खूश होता. शेवटचा कट संपला, साहेबांनी माप घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजपासून तू कायम."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मिरजेहून निरोप आला. उस्ताद गेले.

धुळा पोहोचला तेव्हा माती देऊन लोक परतले होते. सुगराबी बाजेच्या कडेला जमिनीवर बसली होती. ती रडत नव्हती, तिला कोडं पडल्यासारखं दिसत होतं. "काल हात थांबलं," ती म्हणाली. "बुधवार असून थांबलं. सकाळपासनं हळूहळू कमी हुत गेलं आन् दुपारच्याला थांबलं. मला वाटलं, बरं झालं, आज बेस्तरवार आधीच आला. म्हनलं निजू द्यात. मग पानी द्यायला गेले तर..."

धुळा तिच्याजवळ बसून राहिला. काल सकाळपासून दुपारपर्यंत कुणाच्या हातानं काय पुसलं जात होतं ते त्याला एकट्याला माहीत होतं. त्याला तिच्या पायावर डोकं ठेवून सांगावंसं वाटलं. पण संध्याकाळी तो नुसता उठून आला.

शुक्रवारी पहिला नग लावला, बटण दाबलं. हत्यार लोखंडाकडं निघालं. केसभर अंतरावर थांबलं, किंचित मागं आलं आणि मग टेकलं. धुळ्यानं ते पाहिलं आणि तो एक पाऊल मागं सरला. तो सलाम त्यानं दिला नव्हता. फीत पुसली, माणूस गेला आणि तेवढा सलाम मात्र कुठं तरी खाली शिल्लक राहिला होता.

मग कट सुरू झाला. लांबच्या फेऱ्यात, मध्यावर, चाकाला बारीक झटके बसले. दोन सावकाश, तीन घाईचे, मध्ये एक श्वास आणि मग एक भारी. शेजारच्या यंत्रावरचा कृष्णात म्हणाला, "आरं, मशीन ढोल वाजवायला लागलं की रं गड्या." सगळे हसले.

त्या ठकठकीच्या तालात बोटांनी चाकावर कधी उठवणी वाजवली, ते धुळ्याला कळलंच नव्हतं. नुसतं काम द्यायचं ठरवून आलेला माणूस घरचा मान देऊन बसला होता. आणि आता त्याच्याच डोळ्यांदेखत त्याचे हात वर उचलले गेले होते आणि समोरच्या चाकांबरोबर हवेत फिरत होते. त्यानं घाईघाईनं ते चाकांवर टेकवले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, गडी कामात आहे. साहेब लांबून बघून म्हणाले, "बघा, कायम झाला तरी चाक सोडत नाही."

रविवारी तो हक्काच्या रजेवर वस्तीवर गेला. सकाळभर फिरणारे हात त्यानं घोंगड्याखाली झाकून ठेवले होते. कुपवाडला त्याच्या जागी कृष्णात बटण दाबणार होता.

वस्तीवर माळ माणसांनी भरला होता. भंडाऱ्यानं लोकांची कपाळं, फेटे, खांदे पिवळे झाले होते. झांजवाले गोल करून उभे होते. पालखीचे भोई वाकून, खांद्यावर पटका ठेवून तयार होते. हरिबानं ढोल उचलला, त्याला कपाळ लावलं आणि पोराच्या गळ्यात अडकवला. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

"हां. वाजीव."

धुळ्यानं हात उचलले. ते ढोलापर्यंत गेले आणि नुसते टेकले. पहिली थाप कशी पडते ते हातांना आठवेना. डोक्यात उठवणी लख्ख वाजत होती आणि हात लाकडाचे झाले होते. त्यानं पुन्हा उचलले, पुन्हा ते तसेच टेकले. ऊन डोक्यावर होतं. कुणी तरी खोकलं. भोई वाकलेले होते ते तसेच, आणि त्यांच्या मांड्या थरथरू लागल्या. हरिबा पुढं झाला आणि हळूच म्हणाला, "भ्यालास काय रं? देवाचं नाव घे."

धुळा देवाचं नाव घेत होताच. पण त्याला हेही ठाऊक होतं, की आता कुपवाडला जेवणाची सुट्टी आहे.

बराच वेळ गेला. मग एकाएकी त्याचे हात उचलले गेले. उजवा हात कातड्याकडं निघाला, केसभर अंतरावर थांबला, किंचित मागं आला आणि मग टेकला. हात फिरू लागले, हवेत, चाक फिरवल्यासारखे, एक सावकाश आणि एक भरभर. पहिल्यांदा म्हाताऱ्या बायका पुढं आल्या. "अंगात आलं," एक म्हणाली, आणि तिनं धुळ्याच्या पायावर भंडारा टाकला. मग सगळ्या माळावर तेच झालं. देव आला, हरिबाच्या पोराच्या अंगात देव आला. लोक वाकू लागले. आणि हात फिरता फिरता मध्येच ढोलावर उतरले आणि उठवणी वाजली. अशी वाजली, की हरिबानंही तशी कधी वाजवली नव्हती. चांगभल्याचा गजर झाला, भंडारा उडाला आणि पालखी उठली.

धुळा मनातल्या मनात रडत होता. पालखी देवळाला वळसा घालून निघाली तेव्हा त्याला वाटलं, होऊ दे, झालं एकदाचं. पण कृष्णात कामाला वाघ होता. त्यानं दुसरा नग लावला. हात थांबले, मागं आले, फिरले, आणि वर्षातून एकदा वाजणारी उठवणी त्या माळावर दुसऱ्यांदा वाजली. भोयांनी गोंधळून पालखी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा. दिवस कलेपर्यंत देव उठत होता आणि बसत होता. लोकांना त्यातही चमत्कार दिसला. कारखाना सुटायच्या वेळेला हात एकदम खाली पडले, आणि बायका म्हणाल्या, देव गेला.

हरिबानं पोराच्या गळ्यातला ढोल काढला. सगळे पांगल्यावर त्यानं विचारलं, "थापंच्या आधी हात मागं घेतलास. ती सवय आपल्या घरातली न्हाई. कुणाचा हात हाय त्यो?"

धुळ्यानं सगळं सांगितलं. यंत्र, फीत, उस्ताद, बेस्तरवार, बुधवार, सगळं. ऐकून झाल्यावर हरिबानं पोराचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ धरून ठेवले, आजारी कोकराला धरतात तसे.

"तुजा न्हाई, माजा न्हाई, मग देवाला कुणाचा म्हनून सांगू?" तो म्हणाला.

कुपवाडला परतल्यावर धुळा कात्री घेऊन त्या पेटीपुढं उभा राहिला. एक घाव, की संपलं. पण पुसल्यावर काय होतं ते तो मिरजेत बघून आला होता. त्यानं कात्री खिशात ठेवली आणि हिरवं बटण दाबलं.

शाफ्टचं काम काही वर्षं चाललं. मागणी वाढली तशी साहेबांनी दुसरी पाळी सुरू केली आणि मनुबाई नवऱ्याला घास भरवू लागली. तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही, पण गुरुवारी ती घरात गोड करी. तो दिवस त्यांच्या घराचा सण होता. त्या दिवशी धुळा दरम्यान झालेल्या आपल्या पोराला मांडीवर घेई, मेंढराच्या लोकरीची दोरी वळी, बायकोची वेणीसुद्धा घाली. वस्तीवर मात्र त्याचं नाव फार झालं होतं. जत्रेला लांबून लोक त्याचे हात बघायला येत. हरिबानं एक शहाणपण केलं होतं. पालखी आता जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या नगाला उठायची, आणि उठवणी वाजली की दोन धट्टेकट्टे गडी धुळ्याला देवळामागं नेऊन, त्याचे हात धरून संध्याकाळपर्यंत बसायचे. लोकांना सांगितलेलं असे, की देवाचा ताप मोठा आहे.

मग एका वर्षी, जत्रेच्या आठवड्यात, साहेबांनी धुळ्याला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. पंपाचा घाट बदलला होता. जुना शाफ्ट बंद.

"तुझ्या हातांना बरं नसतं हल्ली, मी बघतो ना," साहेब मायेनं म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "नवा शाफ्ट कृष्णात करील. जत्रा झाली की बुधवारी भरू फीत. तुझंच रीळ घेऊ, दुसरं आहे कुठं?"

धुळ्यानं त्यांना सांगायचा प्रयत्न केला. उस्तादांचं सांगितलं. साहेब ऐकून घेऊन म्हणाले, "धुळा, तू मिरजेला डॉक्टरांना दाखव. मी चिठ्ठी देतो." रीळ मला द्या, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण उस्तादांचं रीळ त्यानं ह्याच हातांनी चढवलं होतं आणि ह्याच हातांनी पुसलं होतं. कोणत्या तोंडानं मागायचं?

"एक इनंती हाय, साहेब. रविवारी जत्रा हाय. त्या दिशी जेवनाच्या सुट्टीनंतर जुना शाफ्ट एक काढू द्या. एकच."

"बंद झालेला नग? कशाला रे?"

"देवाचं काम हाय."

देवाचं म्हटल्यावर साहेब हसून हो म्हणाले.

फाटकाबाहेर धुळ्यानं कृष्णातला गाठलं. कृष्णात कायम होणार म्हणून हवेत होता. तो तालमीतला गडी. शड्डू ठोकल्याशिवाय तो सायकलवरसुद्धा बसत नसे. धुळा म्हणाला, "नुसतं काम दे, गड्या. शड्डू देऊ नगंस." कृष्णात खो खो हसला आणि त्यानं मांडीवर शड्डू ठोकला.

रविवारी माळ पुन्हा पिवळा झाला. भोई वाकले. हरिबा आता काठी टेकत चालायचा, तरी ढोल त्यानंच पोराच्या गळ्यात घातला. त्याला बुधवारचं ठाऊक होतं, धुळ्यानं आल्या आल्या सांगितलं होतं. दोघं शेजारी उभे राहून वाट बघत होते. सावली काठीच्या बुडाशी आली, मग जराशी कलली. कृष्णात विसरला तर नसेल, साहेबांचा बेत फिरला तर नसेल, वीज गेली तर नसेल, हेच विचार धुळ्याच्या डोक्यात फिरत होते. आजवर ज्या बटणाला तो शिव्या देत आला त्याचीच तो आता देवासारखी वाट बघत होता.

हात उचलले गेले. उजवा ढोलाकडं निघाला, केसभर अंतरावर थांबला, मागं आला.

तेव्हा हरिबानं देवळाकडं पाठ केली. ज्या वाटेनं यष्टी कुपवाडला जाते त्या वाटेकडं तोंड केलं आणि हात कपाळाला लावून उस्तादांना सलाम केला. लोकांना त्याचा अर्थ कळला नाही.

उठवणी वाजली, पालखी उठली, गजर करत माणसं तिच्यामागं गेली. हात आणखी थोडा वेळ हवेत फिरले, मग खाली पडले ते तसेच राहिले. दुसरा नग आला नाही. देवळामागं न्यायला आलेले दोन गडी काय करावं ते न कळून उभे होते. हरिबानं त्यांना जा म्हणून खुणावलं, पोराच्या गळ्यातला ढोल उतरवून घेतला आणि त्याच्या कपाळावरचा भंडारा आपल्या फेट्याच्या शेवटानं पुसला.

"बुधवारपतूर हितंच ऱ्हा," तो म्हणाला. "जेवायला मी भरवतो."